जामीन कोण?

'सदर कृत्य तत्कालीन परिस्थितीत समर्थनीय असल्याचे आढळून आले आहे.'

वाचकहो, हे वाक्य माझ्याविषयी लिहिले गेले आहे. एका शाळेच्या कार्यालयात, एका फायलीत ते आजही सुखाने नांदत आहे. दिवाळीच्या दिवसांत, चकलीचा तुकडा तोंडात असताना, असल्या रुक्ष वाक्याने तुमचे स्वागत करावे हे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु गेले वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखे गुणगुणत आहे, आणि त्यातल्या एका शब्दाशी माझे भांडण लागलेले आहे. ते भांडण आज चव्हाट्यावर आणावयाचे मी ठरविले आहे.

घडले ते असे. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि खडू हातात आला. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्याने मॅट्रिकचा पदवीधर होत नाही. एके दिवशी सातवीच्या तासाला एका मुलाने दुसऱ्याच्या पूर्ण होत आलेल्या चित्रावर रंगाचे पाणी ओतले. मुद्दाम ओतले, आणि हसला. मी त्याच्या कानाखाली वाजविली. एकच. पण तो कान दोन दिवस ठणकत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे वडील तक्रार घेऊन आले. समिती बसली, जबाब झाले, आणि महिन्याभराने वर दिलेले वाक्य टाइप होऊन आले. खाली सही होती. पण सहीच्या वर 'अध्यक्ष' आणि सहीच्या अलीकडे 'करिता' असे होते. म्हणजे अध्यक्षांनी सही केलेली नव्हती. ज्याने केली त्याने अध्यक्षांकरिता केली होती.

मी काय केले? खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी जाताना रावेतच्या चौकातून पाव किलो जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. डोक्याला फेटा, पायांत मावळची माती. मुलाचे आजोबा. पवनेच्या वरच्या अंगाला त्यांची शेती. भांडायला आले असतील म्हणून मी मनाची तयारी केली. पण त्यांनी खिशातून त्या पत्राची घडी काढली, माझ्यापुढे धरली आणि विचारले, "गुरुजी, म्या आडानी माणूस. ह्ये समर्थनीय म्हंजी काय वो?"

मी म्हणालो, "म्हणजे, आजोबा, त्या वेळची परिस्थिती बघता..."

"ते कळलं. पर बरोबर का चूक?"

मी गप्प.

"बरं, ऱ्हाऊ द्या. म्हंजी पुन्यांदा असं झालं तर पुन्यांदा माराल का?"

मी पुन्हा गप्प. म्हाताऱ्याने घडी परत खिशात घातली, 'बरं, येतो' म्हणाला आणि बसच्या दिशेने निघून गेला. रागावला नाही, हेच माझ्या जिव्हारी लागले.

त्या रात्री मी कोश काढून बसलो. मराठी शब्दाचा अर्थ लागेना तेव्हा त्याच्या इंग्रजी बापाकडे जावे, ही आपली जुनी खोड. 'समर्थनीय'चा बाप 'जस्टिफाएबल'. त्याच्या पंगतीला बसलेल्या समानार्थी शब्दांत एक शब्द मला दिसला, जो मी आजवर कोणाच्या तोंडी ऐकलेला नव्हता: 'वॉरंटेबल'. कोशाच्या मते दोन्हींचा अर्थ एकच. कोशाला तसे म्हणावेच लागते. त्याला पाने वाचवायची असतात. पण शब्दाशी संसार करणाऱ्या माणसाला ठाऊक असते, की दोन शब्दांचा अर्थ अगदी एकच असता तर त्यांतला एक केव्हाच मेला असता.

'वॉरंट' आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. कोणाच्या दारी पकडवॉरंट निघाले, की गल्लीला बातमी होते. आणि 'वॉरंटी'! घरातला मिक्सर बिघडला, की बायको पहिल्यांदा तो कागद शोधते. गंमत अशी की 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे मुळात एकच शब्द. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांच्या तोंडी 'व' होता, पॅरिसकडच्या लोकांच्या तोंडी 'ग'. इंग्रजांनी दोन्ही उचलले आणि दोघांना वेगवेगळी कामे लावून दिली. मुळातला अर्थ एकच: पाठीशी उभा राहणारा, हमी घेणारा, जामीन. तेव्हा 'वॉरंटेबल' म्हणजे ज्याची हमी कोणीतरी घेऊ शकतो असे कृत्य. 'जस्टिफाएबल' म्हणजे ज्याला न्याय्य ठरविता येईल असे कृत्य. पहिल्या शब्दात एक माणूस उभा आहे. दुसऱ्यात नुसता युक्तिवाद आहे, आणि तोही बहुधा मागाहून सुचलेला.

या शब्दाचा एक विचित्र उपयोग इंग्लंडातल्या शिकाऱ्यांच्या बोलीत होता. डेव्हन आणि एक्समूरच्या माळरानांवर शिकारी कुत्री घेऊन लाल सांबरांचा पाठलाग करीत. तेथे पाच वर्षांच्या वरच्या नराला 'वॉरंटेबल' सांबर म्हणत; म्हणजे मारावयास योग्य झालेले. बिचाऱ्या सांबराच्या दृष्टीने हा वाढदिवस काही साजरा करण्यासारखा नव्हे! पण पुढची गोष्ट ऐका. शिकारीच्या दिवशी पहाटे एक जाणता माणूस रानात जाई, खुरांचे ठसे पाही, आणि येऊन सांगे, की अमुक राईत योग्य वयाचा नर बसलेला आहे. त्याच्या एका शब्दावर सारी मंडळी घोडे सोडीत. ठसा चुकला, पाडस निघाले, तर नाक कोणाचे कापले जाणार हे सर्वांना ठाऊक असे. इंग्लंडात २००४ साली कायदा झाला आणि कुत्र्यांकरवी होणारी ही शिकार बंद झाली, ते ठीकच झाले. मला शिकारीचे कौतुक नाही. मला त्या ठसे पाहणाऱ्या माणसाचे कौतुक आहे. आपल्या 'समर्थनीय' शब्दात तो माणूस कोठे आहे?

आता आपल्या शब्दाची कुंडली मांडू. 'समर्थनीय' आला 'समर्थ'पासून. समर्थन करणे म्हणजे बळ पुरविणे, आधार देणे. इंग्रजी शब्दात, कसाही असला तरी, पोटात 'न्याय' बसलेला आहे. आमच्या शब्दाच्या पोटात नुसते सामर्थ्य! ज्याच्यामागे बळ उभे करता येते ते समर्थनीय. म्हातारा अडाणी होता म्हणून त्याला हा शब्द कळला नाही, असे मला प्रथम वाटले होते. तसे नव्हे. त्याने बरोबर-चूक विचारले आणि शब्दाने त्याला कोणाच्या पाठीशी कोण आहे एवढेच सांगितले.

आणि आपल्याकडे दुसरे शब्द नव्हते काय? रेशनच्या दुकानावरची पाटी आठवा: 'रास्त भाव धान्य दुकान'. 'रास्त' म्हणजे सरळ, नीट. हा फारसीतून आलेला शब्द आता बहुतेक त्या पाटीवरच उरला आहे, गव्हा-तांदळापुरता! 'वाजवी' अरबीतून आला. वाजिब म्हणजे जे करणे प्राप्तच आहे, देणे लागते, असे. 'उचित' आहे, 'न्याय्य' आहे, 'सयुक्तिक' आहे, 'क्षम्य' आहे. प्रत्येकाचे बिऱ्हाड निराळे. वाजवी मागणी सयुक्तिक असेलच असे नाही. माझी आई माझ्या लहानपणी दिवाळीला मला नवा सदरा मागू देई, ती मागणी वाजवी होती, पण घरातली शिल्लक पाहता सयुक्तिक मुळीच नव्हती. क्षम्य कृत्य न्याय्य नसतेच. न्याय्य असते तर क्षमा कशाला लागली असती? एवढा भरलेला संसार टाकून आम्ही एकाच पातेल्यात भात, वरण आणि खीर शिजवायला निघालो आहोत.

हे पाप कोणाचे, यावर भांडणे पूर्वीही झाली आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात राजाचा एक स्पष्ट हेतू होता. सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश रचला आणि १९३८ साली भाषाशुद्धीचा विवेक सांगणारा ग्रंथ लिहिला. ते भांडण शब्द कोणत्या गावचा, हे होते. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली पदनाम कोश आला, आणि लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणविले. माझे भांडण त्याहून वेगळे आहे. शब्द काशीचा असो की इस्फहानचा, मला त्याचे सोयरसुतक नाही. तो कोणाला लपवितो, हे मी विचारतो आहे. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. अभिजात भाषेला शेतकऱ्याचा साधा प्रश्न ऐकून घाम फुटू नये, एवढीच अपेक्षा आहे.

इंग्रजी कायदा या बाबतीत एके काळी आपल्याहून सावध होता. ब्लॅकस्टोनने १७६९च्या खंडात मनुष्यवधाचे तीन वर्ग केले: समर्थनीय, क्षम्य आणि गुन्हेगारी. फाशी देणाऱ्याने कायद्याच्या हुकमाने फाशी दिली, तर ते समर्थनीय. त्यात दोषाचा अंशही नाही. पण भांडणात जीव वाचविण्यासाठी एखाद्याने दुसऱ्याला मारले, तर ते केवळ क्षम्य. आणि क्षम्य म्हणजे राजाची माफी घ्यावयाची, आणि जुन्या नियमाप्रमाणे मालमत्ताही सरकारजमा व्हावयाची. ही जप्ती १८२८ साली कायद्याने रद्द झाली. ती क्रूर होती, याबद्दल वाद नाही. पण तीमागचा विचार पाहा: तुझे कारण खरे असेल, तरीही एक माणूस मेला आहे, तेव्हा तू हात झाडून घरी जाऊ शकत नाहीस. कारण आणि किंमत या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. आम्ही कारण सापडले, की किंमत माफ करून टाकतो.

रावेतहून दोन कोसांवर चिंचवड. तेथे चापेकरांचा वाडा आहे आणि चौकात पुतळे आहेत. आमच्या शाळेतली मुले दरवर्षी तेथे जातात, मी त्यांच्याकडून चित्रे काढून घेतो. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, रँडसाहेबाची समिती बसली, सोल्जर घराघरात शिरले. त्याच साली ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला होता. चारच कलमांचा तो कायदा. चौथे कलम असे, की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या वा करू योजिलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. वाचकहो, हे कलम पुन्हा वाचा. आधीच देऊन ठेवलेले समर्थन! माणूस घरात शिरण्यापूर्वीच त्याचे शिरणे समर्थनीय ठरलेले. हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२०च्या मार्चमध्ये, करोनासाठी पेटीतून काढला गेला, आणि आम्ही रावेतचे लोक त्याच्या छत्राखाली घरात बसलो. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांना संरक्षण हवेच होते. तेही जीव मुठीत धरून काम करीत होते. पण ढाल देताना ती कोणाच्या हाती आणि किती दिवसांकरिता, हे तरी लिहावे की नाही?

त्या १८९७च्या जूनमध्ये शिवाजी उत्सवात टिळकांनी प्रश्न घेतला, की महाराजांनी अफझलखानास मारले हे पाप होते का. म्हणजे आमचाच प्रश्न. त्यांनी गीतेच्या आधाराने उत्तर दिले: स्वार्थ नव्हता, म्हणून पाप नव्हते. १५ जूनच्या 'केसरी'त ते छापून आले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर खुनाचा नव्हे, राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ 'प्रेमाचा अभाव' असा ज्युरीला समजावून दिला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी झाली. एका शब्दाचा अर्थ कोण सांगतो, यावर माणसाला दीड वर्षाची शिक्षा होते, हे ज्यांना 'शब्दांचा कीस' वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे. आणि हेही ध्यानात घ्यावे, की माफी मागून सुटण्याचा सल्ला टिळकांना मिळाला होता, तो त्यांनी मानला नाही. त्यांचा युक्तिवाद तुम्हांला पटो न पटो, त्याखाली 'करिता' अशी सही नव्हती.

पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, ज्याचे चित्र आमची मुले काढीत नाहीत. लेफ्टनंट आयर्स्ट. त्या रात्री दुसऱ्या गाडीत तो होता. अंधारात ओळख चुकली आणि तो जागीच मेला. रँड ३ जुलैला मेला. प्लेगच्या जुलमाशी आयर्स्टचे काय देणेघेणे होते? मागे एकदा एका मुलीने मला वाड्यातच विचारले, "सर, मग त्याला का मारलं?" मी म्हणालो, "चुकून." ती म्हणाली, "मग ते पण बरोबर होतं का?" चापेकर बंधूंविषयी माझ्या मनात आदर आहे, दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फासावर गेले, त्यांचे भाऊही गेले, त्यांनी आपल्या कृत्याची हमी गळ्याने भरली. तरीही आयर्स्टचे मरण न्याय्य नव्हते. 'समर्थनीय' हा शब्द दोन्ही गाड्यांवर एकच पांघरूण घालतो, आणि म्हणून तो मला नको आहे. शूरांना नमस्कार करताना चूक लपवावी लागत असेल, तर नमस्कारात काहीतरी खोट आहे.

आता पाण्याकडे येतो. रावेतचे नाव पुष्कळांना पाण्यामुळेच माहीत आहे. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी अडवून उपसतात आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना पोचवितात. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना निघाली, तेव्हा मावळातले शेतकरी घाबरले. नदीतून वाहणारे पाणी नळीत गेले, तर काठच्या शेतांचे काय? ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. चौकशीसाठी आयोग बसला, योजनेला स्थगिती मिळाली. ती २०२३च्या सप्टेंबरात उठविण्यात आली.

त्या दिवसांत जो तो एकच प्रश्न घेऊन बसला होता: गोळीबार समर्थनीय होता की नाही? मीही चहाच्या टपरीवर या चर्चेत हिरिरीने भाग घेतला. कोणी कलमे काढली. १८६०च्या दंडविधानात ७६व्या कलमाखाली एक उदाहरणच दिलेले होते: वरिष्ठांच्या हुकमावरून, कायद्याला धरून, शिपायाने जमावावर गोळी झाडली, तर त्याने गुन्हा केला नाही. आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, विचार तोच आहे. शिपाई सुटला, ते एक वेळ मान्य करू. हुकूम कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही. आणि त्याच्याही मागचा प्रश्न: शहराची तहान समर्थनीय, शेतकऱ्याचा संताप समर्थनीय, पोलिसांची भीती समर्थनीय, तर मग माणसे मेली ती कशाने? तिघांचे समर्थन झाले आणि तिघे मेले, असे हे गणित. काठच्या शेतकऱ्याला समर्थन नको होते. 'तुझ्या विहिरीचे पाणी हटणार नाही, याला मी जामीन' असे म्हणणारा एक माणूस हवा होता. तसा माणूस पुढे आलेला मी तरी पाहिला नाही. मीही आलो नाही. मी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला नळाने बादली भरणारा.

शेतकऱ्याची भाषा या बाबतीत सरकारच्या भाषेपेक्षा शहाणी आहे. सरकारी कागदावर 'किमान आधारभूत किंमत' असते. शेतकरी म्हणतो 'हमीभाव'. वस्तू एकच, पण आधार हा खांबालाही देता येतो, हमी मात्र माणसानेच द्यावी लागते. कोणी पंडिताने त्याला हा भेद शिकविला नाही. बाजार समितीत गाडी उभी करून भाव पडताना पाहिला, की हे व्याकरण आपोआप येते.

आणि कामगाराचीही भाषा शहाणी आहे. ज्या मुलाला मी मारले त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामावर आहेत. पुढे आमचे बोलणे सुरू झाले, तेव्हा ते मला म्हणाले, "सर, आमच्याकडे पण ड्रॉइंग असतं. माप त्याच्याबाहेर गेलं, की नग रिजेक्ट. कधी गिऱ्हाईक घाईत असतं, तेव्हा मापाबाहेरचा नगही सोडावा लागतो. पण त्याला डेव्हिएशन नोट लागते. किती नग, किती दिवस, कुणी सोडला, सगळं लिहायचं. नाव आणि सही. उद्या गाडीचा ब्रेक लागला नाही, तर कुणाला धरायचं ते कळलं पाहिजे." मग थोडे थांबून म्हणाले, "तुमच्या पत्रात तसं काहीच नव्हतं." मी चित्रकलेचा मास्तर, पण रेघेबाहेर गेल्याचा अर्थ मला त्या दिवशी एका इन्स्पेक्टरने शिकविला. मापाबाहेरचा नग मापातला झाला, असे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते. तो मापाबाहेरच राहतो. फक्त त्याला एक धनी मिळतो.

मला ठाऊक आहे, काही मंडळी म्हणतील, या मास्तराने मूल मारले आणि आता कोशाआड लपतो आहे. आरोप रास्त आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा. त्याचे सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करण्यास सरळ मनाई करते. त्यात 'तत्कालीन परिस्थिती' नाही, 'समर्थनीय' नाही. तेव्हा समितीने मला जे दिले ते देण्याचा तिला अधिकारच नव्हता, आणि मी जे घेतले ते मला घेता येण्यासारखे नव्हते. मी ते जिलबीसकट घेतले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला तर हे आधीच कळावयास हवे होते. माझ्या कादंब-यांतला प्रत्येक लुच्चा आपल्या मनाशी पूर्ण समर्थनीय असतो, नाहीतर तो दुसऱ्या प्रकरणापर्यंत टिकलाच नसता.

दुसरी मंडळी म्हणतील, मग नवा शब्द सुचवा. नाही सुचविणार! 'हमीयोग्य', 'जामीनक्षम' असले शब्द पाडण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती खुशाल भागवावी. दोन वर्षांत त्यांच्याखालीही 'करिता' सही येईल. मराठीत क्रियापद आहे, कर्ता आहे, प्रथम पुरुष एकवचन आहे. 'आढळून आले आहे' च्या जागी 'मला आढळले' असे लिहिता येते. 'समर्थनीय आहे' च्या जागी 'मी याला जामीन आहे' असे लिहिता येते. लिहून पाहा. लिहिताना हात अडखळला, तर ते कृत्य कसले होते हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. मी स्वतः त्या रात्री कागद घेऊन लिहून पाहिले: 'मी सातवीच्या एका मुलाला मारले. त्याने दुसऱ्याचे चित्र नासले होते. मारणे बरोबर होते, याला मी जामीन आहे.' तिसरे वाक्य लिहून होईना.

शेवटी शाळेकडे अर्ज केला. चौकशीच्या पत्रातला 'समर्थनीय' हा शब्द काढून त्या जागी 'चुकीचे' असा शब्द घालावा, आणि खाली माझी सही घ्यावी, अशी विनंती. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाल्या, "सर, निकाल तुमच्याच बाजूने लागलाय ना? मग?" मी म्हणालो, "म्हणूनच." त्यांनी फाइल काढली, उलटसुलट पाहिली. मागे घेण्याची तरतूद नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि ज्यांनी 'करिता' सही केली होती त्यांची बदली झालेली होती.

अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला. आवक क्रमांक पडला आहे. त्याची एक प्रत मी मावळात पाठविली. आजोबांना वाचता येत नाही, पण नातू आता आठवीत आहे, तो वाचून दाखवील.